जीजीच्या लग्नाचं रीळ

आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी घातलेल्या या घोळाचा विषय निघाला की माझी आई अजूनही उठून आत जाते. एका दुपारात मी एक जुना, मुरलेला संसार मोडत आणला होता आणि दुसरा उभा राहायच्या आधीच पाडत आणला होता. तेही कशावर? एका धोतरावर!

थांबा, नीट सांगतो.

मला जुने प्रोजेक्टर जमवायचा नाद आहे. थिएटरातले मोठे नाहीत हो, ते ठेवायला आमच्या पडेगावच्या घरात जागा कुठं? घरगुती, छोटे. पूर्वी हौशी लोक करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीच्या फिल्मवर घरातली लग्नं, बारशी, सहली टिपायचे. ती फिल्म दाखवायची ही यंत्रं. शहागंजच्या जुन्या बाजारात एक भंगारवाले चाचा आहेत. ते मला लांबून बघूनच ओरडतात, "आओ आओ, तुम्हारे वाला मुर्दा आया है!" मी ते मढं घरी आणतो, तेल घालतो, पट्टा बदलतो, बल्बसाठी चार गावं धुंडाळतो. आणि ते घरघरायला लागलं, भिंतीवर थरथरता उजेड पडला, की मला जो आनंद होतो ना, तो तुम्हाला नाही कळायचा. बाबांनाही कळत नाही. ते म्हणतात, "एवढ्या हौसेनं कधी घरातल्या पंख्याला तेल दिलं असतंस तर!" आई पाहुण्यांना सांगते, शिवणयंत्रं आहेत म्हणून. मी खपवून घेतो.

तर आमच्या ताईचं लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे काय, किती स्थळं आली, किती गेली, कुणाला पत्रिका नको, कुणाला नोकरी नको. शेवटी पिशोरचं एक स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं. मुलगा संभाजीनगरातच नोकरीला, घरी शेती, माणसं मोकळी. ताईला तर तो इतका आवडला होता की ती त्याचं नाव निघालं की उगाच भांडी घासायला जायची. सुपारी फुटली. आता फक्त तारीख धरायची राहिली होती.

सुपारीच्या वेळी मुलाचे आजोबा, आप्पा, आमच्या घरी आले होते. माझ्या खोलीत डोकावले आणि दारातच थबकले.

"आरं, हे पिच्चरचं मशीन का?"

"हो आप्पा!" मी उडीच मारली. इतक्या वर्षांत घरी आलेल्या पाहुण्यांपैकी हे विचारणारा पहिला माणूस!

"चालू हाय?"

"पळतं, आप्पा!"

आप्पा पलंगावर बसले आणि सांगायला लागले. त्यांचे एक मामेभाऊ जहाजावर नोकरीला होते. आप्पांच्या लग्नाला ते कॅमेरा घेऊन आले, लग्न टिपलं, फिल्म परदेशात धुतली आणि रीळ पाठवून दिलं. पण दाखवणार कशावर? पिशोरात मशीन नाही, कन्नडला नाही. पुढं भाऊ वारले. रीळ राहिलं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. आजतागायत कुणीही ते बघितलेलं नव्हतं!

"तुमची जीजी आजूक म्हनती," आप्पा हळूच म्हणाले, "डोळे मिटायच्या आत एकदा माझं लगीन मला दाखवा."

जीजी म्हणजे त्यांची बायको. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर गप्प बसला असता?

पिशोरला तारीख धरायला निघताना ताईनं मला बजावलं होतं. रीतीप्रमाणे ती येणार नव्हती, तारीख धरायला मुलीनं जायचं नसतं. दारात उभी राहून म्हणाली, "हे बघ, तिथं जायचं, जेवायचं, तारीख धरायची आणि यायचं. ते खोकं घेऊन जाऊ नकोस."

मी म्हटलं, "अगं, त्यांनीच बोलावलंय!"

"तरी पण!" ती म्हणाली. "तू ते मशीन लावलंस की भाषण करतोस."

मी हसून सोडून दिलं.

पिशोरला गेलो. पुरणपोळीचं जेवण झालं. तारखेचं बोलणं जेवणानंतर, पण आप्पांना धीर कुठला? "आधी पिच्चर, मंग तारीख!" घरामागं मक्याचं गोदाम होतं, पत्र्याचं, दार लावलं की भर दुपारीही मिट्ट काळोख. पोती भिंतीला सरकवली, सतरंज्या पडल्या. पण बायका दारातच घुटमळू लागल्या. नवे पाहुणे, व्याही-व्याही समोरासमोर, एवढ्याशा जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसायचं कसं? माझी आईसुद्धा पदर सावरत मागं सरकली.

आणि इथं माझ्या डोक्यात वीज चमकली. चमकायला नको होती!

"सोप्पं आहे," मी म्हणालो. "जत्रेतल्या तंबूच्या सिनेमासारखं करू. पडदा मधोमध! इकडं पुरुष, तिकडं बायका. कापड थोडं ओलं केलं की चित्र पलीकडूनही लख्ख दिसतं. पूर्वी असंच बसायचे सगळे!"

"वा रे गडी!" आप्पा म्हणाले. "खरं हाय, आमी तसंच बसायचो."

त्यांनी स्वतःचं नवं कोरं धोतर काढून दिलं. मी ते बादलीत बुडवून पिळलं, मधल्या दोरीवर ताणून बांधलं. यंत्र पुरुषांच्या बाजूला ठेवलं. आणि हो, भाषण केलंच. फिल्म म्हणजे काय, मोबाइलच्या व्हिडिओत आणि हिच्यात फरक काय. "मोबाइलमध्ये काहीही खोटं करता येतं. फिल्म कधी खोटं बोलत नाही!" हे माझं वाक्य. लक्षात असू द्या, मला ते नंतर फार महागात पडलं.

दार लावलं. खटका दाबला. घर्र्र... आणि धोतरावर लग्न लागलं!

काय सांगू! फेटा, मुंडावळ्या, कोवळी मिशी, आणि त्या मिशीखाली आप्पा! शेजारी डोक्यावर पदर घेतलेली, खाली मान घातलेली जीजी. अक्षता पडून गेल्या होत्या, लोक येऊन आहेर देत होते. रंग थोडे तांबूस झालेले, पण माणसं जिवंत हलत होती. पुरुषांच्या बाजूला टाळ्याच टाळ्या. आप्पा खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे टिपत होते. मला वाटलं, आयुष्याचं सार्थक झालं.

एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"थांबीव! थांबीव रे पोरा ते!"

तो आत्याबाईंचा आवाज. आत्याबाई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. त्या घरात त्यांच्या शब्दापुढं आप्पासुद्धा जात नाहीत.

"थांबवता येत नाही, आत्याबाई!" मी ओरडलो. "थांबवलं की फिल्म बल्बच्या उष्णतेनं जळते!"

"जळू दे! आरं, नवरी उजवीकडं बसलीया!"

इकडं सगळे पडद्याकडं टक लावून बघायला लागले. नवरी डावीकडं. अगदी नवरदेवाच्या डाव्या हाताला.

"डावीकडं हाय की, आक्का!" आप्पा म्हणाले.

"उजवीकडं हाय! मला काय दिसत न्हाय व्हय?"

"डावीकडं!"

"उजवीकडं!"

रीळ संपलं. गोदामात दिवा लागला. आणि आत्याबाईंनी पडद्यापलीकडून निकाल दिला. लग्न लागेपर्यंत नवरी उजव्या अंगाला, लग्न लागल्यावर तिनं उठून डाव्या अंगाला बसायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. इथं अक्षता पडल्या, आहेर झाला, आणि नवरी अजून उजवीकडंच!

"म्हंजे जागा बदललीच न्हाय!" आत्याबाई कडाडल्या. "त्या भटजीला फुडल्या लग्नाची घाई व्हती. मी तवाच बोल्ले व्हते, कुनी ऐकलं का माझं? लगीन अर्धंच ऱ्हायलं!"

आता यात मी पडायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण फिल्मचा विषय आणि मी गप्प?

"आपण पुन्हा बघू," मी म्हणालो. रीळ उलटं गुंडाळलं, दिवा घालवला, यंत्र चालू केलं आणि यावेळी स्वतः धोतराखालून वाकून बायकांच्या बाजूला गेलो. वर बघितलं. आई शप्पथ! नवरी उजवीकडं!

"आत्याबाई बरोबर बोलतायत!" मी जाहीर केलं. "उजवीकडंच आहे!"

पलीकडून बाबा गरजले, "अरे मूर्खा, डावीकडं आहे! समोर दिसतंय!"

"बाबा, मी माझ्या डोळ्यांनी बघतोय!"

मला वाटलं, पुरुष मंडळी आप्पांची बाजू सावरतायत. असतं ना तसं, भाऊबंद एक होतात. आणि मी सत्याच्या बाजूनं उभा! केवढा तो ताठा!

"पोरा," आत्याबाईंनी विचारलं, "तुज्या मशीनमदी काय चुकत न्हाय ना?"

मी छाती पुढं काढली. "फिल्म कधी खोटं बोलत नाही, आत्याबाई."

त्या क्षणी माझं जीजीकडं लक्ष गेलं. सतरंजीच्या कोपऱ्यात बसलेली ही बारीक अंगाची म्हातारी आत्तापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "आवो, ऐकलं का? लगीनच लागलं न्हाय, तर इतकी वरसं मी कुनाच्या घरी भाकरी थापित बसले?"

पलीकडून आप्पांचा बारीक आवाज, "आगं, आसं काय बोलती..."

"मी जाते माज्या भावाकडं!"

बायका हसल्या, पण आत्याबाई नाही हसल्या. "हसू नगा," त्या म्हणाल्या. "आधी ह्या दोघांचं लगीन पुरं करा, मंगच नातवाची तारीख धरा. घरातलं थोरलं लगीन अर्धं ठिवून धाकट्याच्या अक्षता टाकायच्या न्हाईत. भटजीला इचारा, मुहूर्त काढा, शांत करा. आता आषाढ तोंडावर आलाय, म्हंजे तुळशीच्या लग्नाच्या आदी काय जमत न्हाय."

तुळशीचं लग्न! आईनं माझ्याकडं असं बघितलं की मक्याच्या पोत्यात शिरावंसं वाटलं. तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. ताईचा मेसेज. "धरली का तारीख?" खाली एक हसरा चेहरा. मी फोन पालथा करून खिशात घातला. एवढी स्थळं बघून, एवढं मन मारून, शेवटी तिला हवं ते मिळालं होतं. आणि मी ते धोतरावर दाखवून घालवत होतो.

आता कसंही करून हे मिटवायला हवं होतं. आप्पा म्हणत होते, "आक्का, मशीन हिकडं हाय, खरं काय ते हिकडंच दिसनार!"

"व्हय का?" आत्याबाई उसळल्या. "मंग आना मशीन हिकडं! दाखवा आमच्याकडून! कामून लपिवता?"

मला पटलं. विचार करा, मला पटलं! यंत्र उचललं, वायर ओढत बायकांच्या बाजूला आणलं, बाजरीच्या डब्यावर ठेवलं. तोंड पुरुषांकडं. खटका दाबला.

घर्र्र.

"आगं बया!" आत्याबाई किंचाळल्या. "आता डावीकडं बसलीया!"

मी हुश्श करणार, तेवढ्यात पलीकडून आप्पांचा घाबराघुबरा आवाज आला, "आरं देवा! हिकडं आता उजवीकडं दिसती!"

"डावीकडं!"

"उजवीकडं, आक्का, मी बघतोय न्हवं!"

बघा गंमत. दोघांनीही आपापलं म्हणणं बदललं होतं, तरी भांडण जसंच्या तसं! एक काकू पुटपुटल्या, "पोरगं मशीनमदी कायतरी फिरिवतंय." दुसऱ्या म्हणाल्या, "पन्नास वरसं बंद पडलेली वस्तू, उगं बाहेर काढली." आणि पलीकडून मुलाच्या वडिलांचा शांत, जड आवाज ऐकू आला. ते बाबांना म्हणत होते, "पाव्हनं, राग मानू नगा. तारखेचं आपन जरा दमानं बघू."

दमानं! असल्या बोलण्यात 'दमानं'चा अर्थ काय होतो, हे मुलीच्या घरच्यांना विचारा. आईनं डोळ्याला पदर लावला. मी फिल्मवाला, मी जाणकार, आणि मला यंत्राच्या त्या घरघरीत काहीच सुचेना. एकच फिल्म, एकच नवरी, आणि ती कधी इकडं कधी तिकडं कशी बसते?

तेवढ्यात जीजी उठली.

"सरा बाजूला," ती म्हणाली. "तुमचं डावं-उजवं घाला चुलीत. लगीन माजं हाय. इतक्या वरसांनी बघाया मिळालं, तर तुमी एक डाव नीट बघू दिना!"

आणि तिनं धोतराला हात घालून असं ओढलं की दोरीसकट खाली!

यंत्राचा उजेड सुसाट पलीकडं गेला. बाबांच्या टोपीवर नवरीची पावलं, आप्पांच्या सदऱ्यावर मुंडावळ्या, सगळ्या पुरुषांनी डोळ्यांवर हात घेतले. मग एकेकानं मागं वळून बघितलं. मागं गोदामाची चुना दिलेली भिंत होती. भली मोठी. आणि त्या भिंतीवर, थोडं अंधुक, पण धोतरावर दिसलं त्याच्या दुप्पट, लग्न चाललं होतं. माझे हात आपोआप भिंगाकडं गेले. चित्र स्वच्छ झालं.

आता सगळे एकाच बाजूला बघत होते. पुरुष पुढं, बायका मागं.

"डावीकडं," आप्पा म्हणाले.

"डावीकडंच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

दुपारभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं! आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. अहो, कापडाच्या मागून बघितलं की चित्र उलटंच दिसणार! जो पडद्याच्या मागं, त्याची नवरी उजवीकडं. पहिल्यांदा बायका मागं होत्या, मग मी यंत्र हलवून पुरुषांना मागं नेलं. तंबूत लोक वर्षानुवर्षं असेच बसले, पण तिथं नवरी कुठं बसली याचं कुणाला काय पडलं होतं? लग्नाची फिल्म आणि पडद्याला दोन बाजू, एवढं एकत्र आणायला माझ्यासारखाच शहाणा लागतो.

मी बोलायला तोंड उघडलं, पण जीजीनं हात वर केला. भिंतीवर एक बाई पंगतीतून पाण्याची कळशी घेऊन आली, कॅमेऱ्याकडं बघून लाजली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

"माझी माय," जीजी म्हणाली. "बगा, माझी माय."

तिची आई लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता, हे मला नंतर कळलं. रीळ संपलं, भिंत पांढरी झाली, तरी कुणी दिवा लावला नाही.

"आजूक एकदा लाव, बाळा," जीजी म्हणाली. मग ती सतरंजी ओलांडून पुढं गेली आणि एवढ्या पाहुण्यांदेखत आप्पांच्या शेजारी जाऊन बसली. डाव्या बाजूला. बसता बसता आत्याबाईंना म्हणाली, "घ्या, बसले. आता कुनाचं काय म्हननं हाय?"

आत्याबाई हसल्या एकदाच्या! सगळं गोदाम हसलं. दार उघडलं, वारं आत आलं, आणि बाबांनी घाम पुसत असा काही श्वास सोडला की शेजारचं पोतं हललं असेल. मी सगळ्यांसमोर हात जोडले, पडद्याची पुढची बाजू आणि मागची बाजू समजावून सांगितली, आणि कान धरले. मुलाच्या वडिलांनी बाबांना मिठी मारली. "दमानं कशाला, आत्ताच धरू!" म्हणाले. आषाढाच्या आतली तारीख धरली, पेढे फुटले. मी बाहेर पळत जाऊन ताईला फोन लावला.

"धरली!" मी म्हणालो.

"मग एवढा धापा का टाकतोयस?" तिनं विचारलं. "मशीन नेलं होतंस ना?"

मी फोन कट केला. पण काय हलकं वाटलं म्हणून सांगू! पिशोरच्या त्या अंगणात मी एकटाच वेड्यासारखा हसत उभा होतो.

आत आलो तर आत्याबाई पेढ्याचं ताट घेऊन माझी वाट बघत होत्या. माझ्या तोंडात पेढा कोंबला, गालावरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगं गुनी हाय हो. कुटं कामाला हाय म्हनला?"

बाबा आढ्याकडं बघायला लागले. "वाळूजला. गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत."

"आसं का? आन तितं काय करतो?"

"तपासतो," बाबा म्हणाले. "डावा आरसा कोणता आणि उजवा कोणता, ते."